सतरा सप्टेंबरचे दावेदार

१७ सप्टेंबर २०२२. औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातल्या मुक्तिसंग्राम स्मृतिस्तंभापाशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी नेहमीच्या वेळेच्या बऱ्याच आधी ध्वजारोहण केलं आणि ते हैदराबादला रवाना झाले. कार्यक्रम घाईत उरकला अशी टीका विरोधकांनी लगेच केली. मुख्यमंत्र्यांना पोहोचायचं होतं सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर. तिथे केंद्रीय गृहमंत्री अमित शहा ‘हैदराबाद मुक्ती दिना’ची मानवंदना घेणार होते. त्याच सकाळी, त्याच शहरात, पब्लिक गार्डनमध्ये तेलंगणाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनीही तिरंगा फडकवला. त्यांच्या सरकारच्या फलकावर मात्र ‘तेलंगणा राष्ट्रीय एकात्मता दिन’ असं लिहिलेलं होतं. असदुद्दीन ओवेसींनीही पत्रं लिहून ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ हेच नाव सुचवलं होतं. कम्युनिस्ट पक्ष दरवर्षीप्रमाणे तेलंगणाच्या सशस्त्र शेतकरी लढ्याचा सप्ताह पाळत होते, आणि कलबुर्गीत ‘कल्याण कर्नाटक उत्सव दिन’ चालू होता.

दोन वर्षांनी आणखी एका नावाची भर पडली. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने दरवर्षी १७ सप्टेंबरला ‘हैदराबाद मुक्ती दिन’ पाळण्याची अधिसूचना काढली. तोवर तेलंगणात काँग्रेसचं सरकार आलं होतं. त्या सरकारने हाच दिवस ‘प्रजा पालना दिनोत्सव’ म्हणून, म्हणजे लोकांच्या राज्याचा दिवस म्हणून साजरा केला.

हे सगळं मतांचं राजकारण आहे असं म्हणून विषय संपवता येईल. मतांचं राजकारण त्यात आहेच. पण यातलं प्रत्येक नाव कुणाच्या तरी खऱ्या अनुभवावर उभं आहे, आणि प्रत्येक नाव दुसऱ्या कुणाचा तितकाच खरा अनुभव झाकतं. मराठवाड्यात नावाचा वाद नाही. ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ हे नाव सर्व पक्षांना मान्य आहे, त्यामुळे भांडण असेल तर ते तिकडे तेलंगणात, अशी आपली समजूत झाली आहे. मला ती पटत नाही. नाव ठरलं म्हणून इतिहास सांगून झाला असं होत नाही, आणि १७ सप्टेंबरचा बराचसा इतिहास आपण अजून मोठ्याने सांगितलेला नाही.

आधी त्या दिवशी नेमकं काय झालं ते पाहू. १९४७ च्या ऑगस्टमध्ये भारत स्वतंत्र झाला तेव्हा हैदराबाद संस्थान त्यात नव्हतं. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख, दीड कोटीहून जास्त लोक, स्वतःचं सैन्य, स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल आणि ‘हाली’ नावाने ओळखलं जाणारं स्वतःचं चलन. सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. मराठी जिल्हे म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. प्रजेत हिंदू बहुसंख्य आणि गादीवर सातवे निजाम मीर उस्मान अली खान. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजाम आणि भारत सरकार यांच्यात एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. तो टिकला नाही. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या हाती इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची सूत्रं होती. त्याच्या रझाकारांनी, म्हणजे सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावंच्या गावं लुटली. पंतप्रधान मीर लायक अली यांचं सरकार त्यांना आवरायला तयार नव्हतं, आणि उलट ते आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत घेऊन गेलं.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखालचं सैन्य सोलापूरच्या बाजूने आत शिरलं. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं, तुळजापूरजवळ चकमक झाली. दुसऱ्या दिवशी औरंगाबादच्या मुलकी अधिकाऱ्यांनी शरणागती दिली. १७ तारखेला संध्याकाळी निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. हैदराबादचे सेनापती अल इद्रूस यांनी चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली ती १८ तारखेला. मोहिमेचं सैन्यातलं नाव ‘ऑपरेशन पोलो’, सरकारी भाषेत ‘पोलीस कारवाई’. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी मात्र ‘पोलीस ॲक्शन’ हाच शब्द होता. कुणाचा जन्म, कुणाचं लग्न, कुणाच्या विहिरीचं काम ‘ॲक्शनच्या आधी’ की ‘नंतर’, असा हिशेब कितीतरी घरांत चालायचा.

इथे एक गोष्ट शाळेच्या भाषणांत सहसा येत नाही. १७ सप्टेंबरला निजाम पदच्युत झाला नाही. लष्करी प्रशासक म्हणून आलेल्या चौधरींना कारभाराचे अधिकार मिळाले ते निजामाच्याच फर्मानाने. भारताची राज्यघटना हैदराबादला लागू होईल असं जाहीर करणारं फर्मानही नोव्हेंबर १९४९ मध्ये त्यांनीच काढलं. २६ जानेवारी १९५० पासून ते राजप्रमुख झाले आणि संस्थानाची शकलं होईपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, त्या पदावर राहिले. लोकांनी निवडून दिलेलं पहिलं सरकार, बुर्गुल रामकृष्ण राव यांचं, आलं १९५२ च्या मार्चमध्ये. म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ ला रझाकारांची दहशत संपली, लायक अलींचं मंत्रिमंडळ गेलं आणि हैदराबाद स्वतंत्र राहण्याची शक्यता मिटली. लोकांचं राज्य यायला मात्र आणखी साडेतीन वर्षं लागली.

आणि मुळात मागणी कशाची होती? ‘जबाबदार राज्यपद्धती’ची. हैदराबादच्या लढ्यातला हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त वापरलेला शब्द. निजामी कारभारात सभा घ्यायची तर ‘गश्ती निशान ५३’ नावाच्या परिपत्रकानुसार आधी परवानगी लागे, आणि ती मिळवताना सभेत काय बोलणार हेही सांगावं लागे. उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. गावात मराठी शाळा काढणं हेच राजकीय काम ठरत होतं. म्हणूनच या लढ्याचे कितीतरी पुढारी मुळात शिक्षक होते. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवत होते. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. वरवर पाहता ते भाषा आणि शिक्षणाचं व्यासपीठ होतं, पण तिथे जमलेली कितीतरी माणसं पुढे तुरुंगात गेली. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि ती उठली १९४६ ला. त्याच वर्षी, १९३८ ला, उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला, त्यांना काढून टाकण्यात आलं आणि त्यातले अनेक जण नागपूर विद्यापीठात जाऊन शिकले. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यातलेच.

७ ऑगस्ट १९४७ ला स्टेट काँग्रेसने ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन पाळला. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. त्यानंतरचं वर्ष मराठवाड्याच्या गावांनी काढलं ते दोन आगींच्या मध्ये. उमरखेड, बार्शी, सोलापूर, मनमाड अशा हद्दीबाहेरच्या ठिकाणी, तेव्हाच्या बोलीत ‘इंग्रजी मुलखात’, लढ्याची केंद्रं उभी राहिली. तिथून तरुण रात्री आत जायचे. करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके जाळायचे, निजामाला महसूल देणारी शिंदीची झाडं तोडायचे, रेल्वेमार्ग उखडायचे. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तो हाच दिवस. लढ्यातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांना १९४६ मध्येच अर्जापूरजवळ मारण्यात आलं होतं. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी हाती शस्त्र घेतलं. आशाताई वाघमारे यांच्यासारख्या स्त्रियांनी केंद्रांचं आणि निरोपांचं काम सांभाळलं. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात मे १९४८ मध्ये रझाकारांनी केलेलं हत्याकांड त्या भागातली माणसं अजून विसरलेली नाहीत.

‘मुक्ती’ हा शब्द मराठवाड्याला इतका सहज का पटला, याचं उत्तर या गावांत आहे. बाहेर पडून पुन्हा घरी परतता आलं तो दिवस त्यांच्यासाठी मुक्तीचाच होता. हे म्हणायला कुणाची हरकत नसावी. माझीही नाही.

तेलंगणात हाच दिवस वेगळा का दिसतो, हे समजायला मात्र शेतीकडे वळावं लागतं. निजामाच्या राज्यातली सगळी जमीन सरकारी साऱ्याखाली नव्हती. सुमारे साठ टक्के ‘दिवाणी’, एक दशांश निजामाची खासगी मालकी म्हणजे ‘सर्फ-ए-खास’ आणि उरलेली जहागिरी. तेलंगणातले देशमुख आणि जहागीरदार शेकडो गावांवर वेठ लादत होते. ४ जुलै १९४६ ला कडवेंडी गावात विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी दोड्डी कोमरय्या या शेतकऱ्यावर गोळी झाडली आणि आंध्र महासभा व कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र लढा पेटला. चाकली ऐलम्मा या परीट बाईने आपल्या चार एकरांसाठी त्याच देशमुखाशी दिलेली झुंज आज तेलंगणाच्या प्रत्येक पक्षाच्या भाषणात असते. लढ्याने जमिनी वाटल्या, वेठ बंद पाडली.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आलं तेव्हा रझाकार पळाले आणि सैन्याच्या बंदुका या शेतकऱ्यांकडे वळल्या. पळून गेलेले कितीतरी जमीनदार आता गांधी टोपी घालून परतले. लढा आणखी तीन वर्षं चालला आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये कम्युनिस्टांनी तो मागे घेतला. ज्या घरातला माणूस १९४९ मध्ये सरकारी गोळीने गेला, त्या घराला १७ सप्टेंबर हा मुक्तीचा दिवस आहे असं कसं सांगणार? उलट जहागिरी रद्द करण्याचा कायदा १९४९ ला आणि कूळकायदा १९५० ला आला, तो याच लढ्याच्या धाकाने, असं तिथले डावे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. एकत्र आंध्र प्रदेशाच्या सरकारांनी हा दिवस अधिकृतपणे कधी पाळला नाही, त्याला हैदराबादच्या मुस्लिम मतांचा हिशेब हे एक कारण होतं. पण ते एकमेव कारण नव्हतं. वेगळ्या राज्यासाठी लढताना याच दिवसाचा आग्रह धरणारा चंद्रशेखर रावांचा पक्ष सत्तेत आल्यावर आठ वर्षं गप्प राहिला, आणि केंद्राने परेड ग्राउंडवर मंडप घालायचं ठरवलं तेव्हा त्यालाही नाव शोधावं लागलं.

कन्नड जिल्ह्यांची गोष्ट लवकर सांगता येते. तिथे हा दिवस ‘विमोचन दिन’ होता. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(जे) आलं आणि त्या भागाला शिक्षणात व नोकऱ्यांत जागा मिळाल्या. २०१९ मध्ये येडियुरप्पांच्या सरकारने ‘हैदराबाद कर्नाटक’ हे नाव बदलून ‘कल्याण कर्नाटक’ केलं. दिवस साजरा होतो, पण भाषणांचा भर आता अनुदानांवर आणि विकास मंडळाच्या निधीवर असतो.

आता आपल्याकडे न सांगितल्या जाणाऱ्या भागाकडे येतो. तो लिहिताना हात जड होतो, पण वगळला तर लेखाला अर्थ राहत नाही.

पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या अनेक भागांत मुसलमानांवर हल्ले झाले. बातम्या दिल्लीपर्यंत गेल्या तेव्हा नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवलं. सुंदरलाल म्हणजे ब्रिटिश राजवटीवर ग्रंथ लिहून जप्ती ओढवून घेतलेले गांधीवादी. ही मंडळी नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबर १९४८ पर्यंत सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरली. त्यांचा अंदाज होता की संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. यातले दोन आपले आहेत. रझाकारांच्या अत्याचारांनी सूडाची आग पेटली हे त्यांनी लिहिलं, आणि जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना आसरा देणाऱ्या हिंदूंचीही नोंद केली. सरदार पटेलांना हा अहवाल पटला नाही. तो प्रसिद्ध झाला नाही. सर्वसामान्य वाचकाला तो सहज वाचता येऊ लागला तो २०१३ च्या आसपास, ए. जी. नूरानी यांनी तो आपल्या पुस्तकात छापल्यावर.

आकड्यांवर वाद होऊ शकतो, आणि तो व्हायला हवा. पण अहवालाचा उल्लेख होताच ‘म्हणजे रझाकार चांगले होते का’ असा प्रश्न अंगावर येतो, तिथे चर्चा थांबते. रझाकारांनी मारलेली माणसं आणि सूडात मारली गेलेली माणसं, दोघंही याच मातीतली. शिवाय निजामशाहीला विरोध करणारे सगळे हिंदू आणि तिची बाजू घेणारे सगळे मुसलमान, हे चित्रही खरं नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्लाह खान भारतात विलीन होण्याची बाजू उघडपणे मांडत होते. सात मुस्लिम गृहस्थांचं विलीनीकरणाच्या बाजूचं निवेदन त्यांनी छापलं. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना मारेकऱ्यांनी त्यांना गाठलं आणि ठार केलं. मराठवाड्याच्या हुतात्म्यांच्या यादीत हे नाव प्रत्येक शाळेत वाचलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दलितांच्या आठवणीचा धागा आणखी वेगळा आहे. निजामाने अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मोठा निधी काढला होता आणि बी. एस. व्यंकटराव हे दलित पुढारी लायक अलींच्या मंत्रिमंडळात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच निवेदन काढून हैदराबादच्या दलितांना बजावलं होतं की निजामाची बाजू घेऊ नका, धर्मांतराच्या दडपणाला बळी पडू नका. पुढे १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. तिथून बाहेर पडलेल्या पिढीने मराठी साहित्याचा चेहरा बदलला. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या जळाल्या. नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला, नामविस्ताराच्या रूपात. गोविंदभाई श्रॉफ आणि अनंतराव भालेराव हे मुक्तिसंग्रामाचे दोन मोठे सेनानी. त्यागाबद्दल दोघांविषयी शंका घेता येत नाही. पण नामांतराच्या प्रश्नावर ते विरोधात उभे राहिले. मराठवाड्याच्या अस्मितेचा मुद्दा त्यांना महत्त्वाचा वाटला. ज्यांची घरं जळाली त्यांना मात्र त्या अस्मितेत आपली जागा दिसली नाही. आज १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जो जनसागर लोटतो, त्याच्या तुलनेत स्मृतिस्तंभापाशी होणारा १७ सप्टेंबरचा कार्यक्रम मुख्यतः अधिकाऱ्यांचा आणि पुढाऱ्यांचा असतो. ज्या दिवसासाठी लोक स्वतःहून येतात आणि ज्या दिवसासाठी परिपत्रक काढावं लागतं, त्यातला हा फरक मुक्तिसंग्रामाच्या अभिमान्यांनी गंभीरपणे घ्यायला हवा.

मग मराठवाड्यात १७ सप्टेंबरला नेमकं काय बोललं जातं? पाणी, रेल्वे आणि अनुशेष. त्यातही चुकीचं काही नाही, कारण या मागण्यांची मुळं त्याच इतिहासात आहेत. १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाने मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात घालण्याची शिफारस केली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य तीन भाषांत वाटलं गेलं. हे राज्य मोडू नये असं नेहरूंना वाटत होतं. ते मोडावं आणि भाषेप्रमाणे वाटावं यासाठी स्वामी रामानंद तीर्थ झटले. आपण महाराष्ट्रात बिनशर्त आलो, हे वाक्य मराठवाड्यात तेव्हापासून आजतागायत ऐकू येतं. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा जवळपास २४ टक्के होता. घटनेच्या कलम ३७१(२) प्रमाणे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा आणण्याचा निर्णय घेतला. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या सांगतेला, १६ सप्टेंबर २०२३ ला, मंत्रिमंडळाची बैठकच औरंगाबादला झाली आणि हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. आदल्याच दिवशी औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव करणारी राजपत्रं निघाली होती. उस्मानाबादच्या नावातला ‘उस्मान’ म्हणजे तोच सातवा निजाम. मुहूर्त कसा साधायचा हे सरकारला नेमकं कळलं होतं.

याच काळात मराठवाड्याच्या राजकारणात निजामाचं राज्य अगदी वेगळ्या वाटेने परत आलं. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे उपोषणाला बसले. मागणी अशी की मराठवाड्यातल्या मराठ्यांना ओबीसी आरक्षणासाठी कुणबी प्रमाणपत्रं मिळावीत, आणि पुरावा म्हणून निजामकालीन नोंदी धराव्यात. विदर्भातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला इंग्रजी अमलाची कागदपत्रं दाखवता येतात. मराठवाड्यातल्या माणसाचे कागद हैदराबादेत राहिले, तेही उर्दूत आणि मोडीत. मग निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती हैदराबादच्या दफ्तरखान्यांपर्यंत गेली आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. २०२४ चं उपोषण जरांगे यांनी १६ सप्टेंबरच्या मध्यरात्री, म्हणजे मुक्तिसंग्राम दिन उजाडताना सुरू केलं. २ सप्टेंबर २०२५ ला निजामकालीन नोंदींचं ‘हैदराबाद गॅझेट’ लागू करणारा शासन निर्णय निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांनी सरकारला दिलेली तारीखही १७ सप्टेंबर होती. ओबीसी संघटनांनी त्या निर्णयाला लगेच आव्हान दिलं.

आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात बोलायची ही जागा नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की पंचाहत्तर वर्षांनी मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला आपण कोण हे सिद्ध करायला त्याच राज्याचे कागद शोधावे लागले, ज्याच्या अंताचा उत्सव तो दरवर्षी ऐकतो. जहागिरी कायद्याने गेल्या, पण शेतीचे तुकडे झाले, पाणी आलं नाही, नोकऱ्या पुण्या-मुंबईला राहिल्या. १९४८ मध्ये सुटका झालेल्या माणसाचा नातू २०२४ मध्ये पुन्हा उपोषणाच्या मंडपात बसला आणि त्याने तारीखही तीच निवडली. ही निवड त्याने अपघाताने केली असं मी मानत नाही.

म्हणून ‘मुक्ती’ की ‘एकात्मता’ हा तेलंगणाचा वाद आपण दुरून पाहावा असं मला वाटत नाही. केंद्राचं नाव सैन्याला आणि पटेलांना श्रेय देतं, आणि तुरुंगात असलेल्या स्वामीजींना, हद्दीवरच्या केंद्रांतल्या तरुणांना, वेठीविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांना मागे ढकलतं. ‘एकात्मता’ हे नाव रझाकारांचा विषयच टाळतं. ‘प्रजा पालना’ हे नाव तारखेचा अर्थ बदलून टाकतं, तरी माझ्या मते ते १९३८ च्या मूळ मागणीच्या सगळ्यात जवळ जातं. कारण स्टेट काँग्रेसने स्थापनेच्या वेळी निजाम हटवा असं म्हटलं नव्हतं. राज्यकारभार लोकांनी निवडलेल्या माणसांना जबाबदार हवा, असं म्हटलं होतं.

या कसोटीवर आपला अमृतमहोत्सव तपासून पाहावा. मराठवाड्यातल्या आताच्या आठही जिल्ह्यांच्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, औरंगाबाद महापालिकेची तर एप्रिल २०२० मध्येच. निवडणुका न्यायालयीन वादांत अडकल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. १७ सप्टेंबर २०२२ ला आणि २०२३ ला मुक्तिसंग्रामाची पंचाहत्तरी साजरी झाली तेव्हा या आठ जिल्हा परिषदांत लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य नव्हता. गावच्या शाळेची गळकी खोली, आरोग्य केंद्रातली डॉक्टरची रिकामी जागा, पाझर तलावाचं रखडलेलं काम यांसाठी जबाब विचारायला लोकांपुढे होता तो शासनाने नेमलेला अधिकारी. त्या दोन्ही दिवशी व्यासपीठांवरून जबाबदार राज्यपद्धतीसाठी प्राण दिलेल्यांना अभिवादन झालं. या रिकाम्या सभागृहांचा उल्लेख मात्र त्यांपैकी कुठल्याच मोठ्या भाषणाच्या केंद्रस्थानी आला नाही.